अंकुशनं रिकामा ठेवलेला फुगा

अंकुश गेल्याची बातमी मला फ्लेक्सवरून कळली आणि मी त्या फ्लेक्सला हसलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण दौंडमधल्या निम्म्या लोकांना ते माहीत आहे आणि उरलेल्यांना कळायला फार वेळ लागणार नाही. पहिली पाळी होती. कंपनीची बस शिरूरहून रांजणगावकडे निघालेली, मी खिडकीला डोकं लावून अर्धवट झोपेत, आणि आमच्या आयटीआयच्या ग्रुपवर एक चित्र येऊन पडलं. काळी पार्श्वभूमी, दोन बाजूंना दोन समया, मधोमध अंकुशचा हसरा फोटो आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. आता यात माझीही थोडी बाजू ऐका. अंकुश दौंडला एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करायचा. वाढदिवसाचे, निवडीचे, दशक्रियेचे, सगळे फ्लेक्स त्याच्याच हातून जायचे. एकदा घाईत त्यानं एका धडधाकट माणसाच्या वाढदिवसाला श्रद्धांजलीची काळी पार्श्वभूमी लावून दिली होती. त्या माणसानं दुकानात येऊन जो दंगा घातला, तो अंकुश आम्हाला पुढं वर्षभर हावभावांसकट करून दाखवायचा. तेव्हा मला वाटलं, गड्यानं आता स्वतःवरच प्रयोग केलाय. मी हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन चेहरे पाठवले आणि खाली लिहिलं, 'शेठ, टेम्प्लेट बदला.' मग गेट आलं. आमच्याकडं आत फोन नेता येत नाही, तो लॉकरमध्ये ठेवावा लागतो. पुढचे आठ तास मी यंत्रांत बसवायच्या बुशांचे व्यास मोजत बसलो, आणि ते तीन हसरे चेहरे तेवढा वेळ त्याच्या मरणाखाली तसेच होते...

पाळी सुटल्यावर लॉकर उघडला, तेव्हा कळलं. दौंडला पोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं. दुकानाच्या पायरीवर त्याची धाकटी बहीण लता एकटीच बसली होती. ती वरवंडला दिलेली. शेवटची दोन वर्षं त्याचं दवाखान्याचं सगळं तिनंच बघितलं. वयानं माझ्याहून लहान, पण मी तिला ताईच म्हणतो. मी खाली मान घालून म्हणालो, "ताई, ते ग्रुपवर माझ्याकडून..."

"बघितलं मी," त्या म्हणाल्या. "त्यो आसता तर लई हसला आसता. छापून भिताडाला लावलं आसतं त्यानं."

या पुरवणीच्या वाचकांपैकी काहींनी 'पाचटातलं' हे नाव ऐकलं असेल. ज्यांनी ऐकलं नाही त्यांना सांगतो, ती अंकुशची चित्रकथा. मोठ्या प्रकाशकाची नाही, कुणाच्या मदतीची नाही. चित्रं आणि गोष्ट त्याची, बोलण्याच्या फुग्यांतलं अक्षर माझं, आणि छपाई त्याच दुकानातल्या साध्या प्रिंटरवर. रविवारी माझ्या घरी बसून आम्ही घड्या घालायचो आणि पिना मारायचो. पहिल्या भागाच्या निम्म्या प्रतींत मी पानं उलटी लावली, त्यामुळं गोष्टीतली पोरगी आधी किंचाळत घरी पळाली आणि मग उसात शिरली. एका शाळेतल्या सरांनी ही मांडणी फार धाडसी आहे म्हणून आमची पाठ थोपटली. अंकुश माझ्याकडं बघत म्हणाला, "सर, ह्यो आमचा प्रयोगशील माणूस."

गोष्ट अशी. तानी नावाची आठ वर्षांची मुलगी आहे, आणि उसात राहणारं काहीतरी आहे. प्रत्येक भागात तानी दोनेक वर्षांनी मोठी होते. तिची शाळा बदलते, मैत्रिणीचं लग्न होतं, बापाशी अबोला होतो, आणि दर भागात एकदा तरी तिला उसाच्या कडेला जावं लागतं. ते जे काहीतरी आहे, ते अंकुशनं कधी काढलंच नाही. तो ऊस काढायचा. एकेक पान, एकेक पेरं, खाली पडलेलं पाचट, सगळं काळ्या शाईत, बघणाऱ्याचे डोळे दुखतील इतकं दाट. आणि त्या दाटीत एक जागा कोरी सोडायचा. ती कोरी जागा म्हणजे ते. त्याला हात आहेत की नाहीत, तोंड कुठल्या बाजूला, काही कळायचं नाही. उंची मात्र कळायची. ती नेहमी तानीएवढीच असायची. पोरगी वाढली की तेही वाढायचं.

कोऱ्या कागदाचं एक असतं, वाचणाऱ्याचा अंगठा नेमका तिथंच पडतो. माझी पहिल्या भागाची प्रत दहा-बारा घरं फिरून परत आली, तेव्हा त्या कोऱ्या जागेत ठशांवर ठसे बसून एक करडा आकार धरला होता. त्याला खांदे आल्यासारखे दिसत होते. मी ते अंकुशला दाखवलं. तो बराच वेळ कागद उजेडाकडं धरून बसला आणि म्हणाला, "मी काढत न्हाई म्हनून लोकं काढायला लागली."

आमची ओळख आयटीआयमधली. मी फिटर, तो पेंटर. मी फिटर म्हणून किती बरा होतो ते सांगत नाही, कारण माझ्या हातचा पहिला जॉब आमच्या निदेशकांनी पेपरवेट म्हणून वापरला. पण ड्रॉइंगच्या तासाला माझं अक्षर बघायला दुसऱ्या ट्रेडची पोरं यायची. सरळ, उभं, एका मापाचं. त्या अक्षरावर अंकुशचा डोळा होता. पुढं मी रांजणगावला एका कारखान्यात क्वालिटीला चिकटलो आणि तो दौंडला गेला, तरी त्यानं ते अक्षर सोडलं नाही. मला तो नावानं हाक मारत नसे, इनस्पेक्टर म्हणायचा. "इनस्पेक्टर, तुला भूत दिसलं तर तू पळनार न्हाईस. तू व्हर्नियर काढून त्याचं माप घेशील."

आमच्याकडं आता उसात काय असतं हे लहान पोरही सांगेल. बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला जातात, बांधाबांधावर वनखात्याचे पिंजरे आहेत. त्यामुळं जो तो अंकुशला विचारायचा, तुझं ते म्हणजे बिबट्याच ना? मीही विचारलं होतं. तो म्हणाला, "बिबट्या परवा आला, लेका." बस, एवढंच. मग तो ब्रश धुवायला उठला. मला वाटलं कलावंत माणूस आहे, असं बोलायचंच.

काम करायची आमची रीत ठरलेली होती. तो मोठ्या कागदावर पानं काढायचा, बोलण्याचे फुगे रिकामे ठेवायचा, आणि प्रत्येक फुग्याची चिठ्ठी पानाच्या मागं चिकटवायचा. कुणी काय बोललं ते चिठ्ठीवर. मी ते फुग्यात उतरवायचं. हे काम मी कंपनीत जेवणाच्या सुट्टीत करायचो, आमच्या तपासणीच्या खोलीतल्या सरफेस प्लेटवर. काळ्या ग्रॅनाइटची ती लादी इतकी सपाट असते की तिच्यावर ठेवलेला कागद श्वास धरून पडतो. पहिल्या तीन भागांत त्या कोऱ्या जागेला फुगा कधीच नव्हता. ते बोलायचं नाही. चौथ्या भागात मात्र, तानी चौदा वर्षांची असताना, भर दुपारी ती उसात दोन सऱ्या आत उभी आहे, आणि कोऱ्या जागेतून एक फुगा निघालाय. मी पान उलटं केलं. मागं चिठ्ठी नव्हती.

आता त्या आठवड्यात आमच्याकडं ऑडिट होतं हे लक्षात घ्या. ज्यांनी कारखान्यात क्वालिटीला काम केलंय त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. ऑडिटरला चुकीचा आकडा एक वेळ चालतो, रिकामा रकाना चालत नाही. रिकामा रकाना दिसला की लाल शाई. मी चार दिवस चेकशीटा उलटून रिकामे रकाने शोधत आणि भरत होतो, झोपेतही भरत होतो. मला वाटलं, चिठ्ठी गळून पडली असणार. गेटवरच्या लॉकरपर्यंत जाऊन अंकुशला फोन लावला, उचलला नाही. त्या दिवशी तो डायलिसिसला होता हे मला माहीत नव्हतं, तेव्हा मला त्याच्या आजाराचंच काही माहीत नव्हतं. प्रिंटर संध्याकाळी मोकळा होणार होता. मी पेन उचललं आणि फुगा भरला.

'घरी जा. मी येतो मागनं.'

हे शब्द कुठून आले ते मला आजही सांगता येत नाही. मी ते जुळवले नाहीत, खोडले नाहीत, पेन्सिलीनं आधी लिहून बघितले नाहीत. जेवणाची सुट्टी संपल्याचा भोंगा झाला, मी मान वर केली, तर शाई वाळलेली होती. आणि एक गोष्ट मी अंक छापून झाल्यावर बघितली. त्या अंकातलं बाकी सगळं अक्षर सरळ उभं आहे. त्या एका फुग्यातलं डावीकडं झुकलेलं आहे, कुणीतरी उसाचं पान वाकवावं तसं. माझं अक्षर झुकत नाही. माझ्या आयुष्यात सरळ असलेली ती एकच गोष्ट आहे.

अंकुश ओरडला नाही. छापलेला अंक त्यानं उभ्यानं चाळला, त्या पानावर थांबला आणि विचारलं, "ह्ये कुणी लिवलं?"

"मी. चिठ्ठी राहिली होती तुझी."

"राहिली न्हवती. ठेवली न्हवती." मग अंक मिटून, "त्यो फुगा कुनासाठी तरी मोकळा ठेवला व्हता, इनस्पेक्टर."

त्यानंतर तो माझ्याशी जवळजवळ पाच महिने बोलला नाही. मी दर रविवारी फोन करायचो आणि तो दर रविवारी उचलायचा नाही. इतका नियमित अबोला मी दुसरा पाहिला नाही.

त्या पाच महिन्यांत एका दुपारी लताताई शिरूरला माझ्या घरी आल्या. मी त्यांना तोवर दोन-तीनदाच भेटलो होतो. बायकोनं चहा ठेवला, तरी त्या बसेनात. पिशवीतून त्यांनी चौथा भाग काढला, ते पान उघडलं आणि त्या फुग्यावर बोट ठेवलं.

"भाऊ, ह्ये तुमाला कुनी सांगितलं?"

"कुणी नाही, ताई. फुगा रिकामा होता म्हणून मीच..."

"आमच्या दादानं सांगितलं का?"

"त्याला तर मी विचारलंच नाही. म्हणून तर रुसलाय."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या, मी थाप मारतोय की काय हे बघावं तशा. मग म्हणाल्या, "त्याला कसं ठावं आसंल. मी कुनालाच सांगितलं न्हाई."

मग त्या बसल्या, आणि मला ते कळलं जे अंकुशनं इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं. त्यांचं गाव भीमेच्या अलीकडं. तो अकरा वर्षांचा, ही आठची. दोघं वडिलांना भाकरी पोचवून परत येत होती. वाटेत याला कुणाच्या तरी पेरूच्या बागेत शिरायचं होतं. हिला उसाच्या कडेला उभी केली आणि म्हणाला, हितंच थांब, हलू नको. पेरू मिळाले, मित्र भेटले, आणि हा दुसऱ्या वाटेनं घरी गेला. विसरला. ऊन उतरल्यावर आई म्हणाली, लता कुठंय. लोक गेले तेव्हा ती तिथंच होती. फक्त कडेला नव्हती, दोन सऱ्या आत होती, आणि पाठमोरी उभी होती. त्यानंतर महिनाभर ती बोलली नाही. पुढं बोलायला लागली, शाळेत गेली, लग्न झालं, दोन मुलं झाली, पण त्या दुपारी काय झालं ते तिनं कुणालाच सांगितलं नाही.

"लोकं म्हनायची वाघरू दिसलं आसंल. तवा हितं बिबट्या न्हवता, भाऊ. नावबी न्हवतं."

"मग काय होतं?"

त्यांनी पुन्हा त्या फुग्यावर बोट ठेवलं. "काय व्हतं त्ये मला न्हाई म्हाईत. पर ह्येच म्हनलं. आगदी ह्येच. घरी जा, मी येतो मागनं."

स्वयंपाकघरात चहा उतू गेल्याचा आवाज आला आणि कुणी उठलं नाही. लताताईंनी अंक पिशवीत घातला. "दादाला सांगू नका. त्याला वाटंल त्याच्यामुळं झालं." मी शप्पथ घेतली. त्यांना सोडायला स्टँडपर्यंत निघालो तेव्हा त्या उंबऱ्यात थांबल्या आणि म्हणाल्या, "तुमी व्हा पुढं." मला वाटलं मान देतायत. गल्ली अरुंद आहे म्हणून मी एकदा बाजूला झालो, तर त्याही थांबल्या. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ही बाई कुणाला आपल्या मागं चालू देत नाही. मागची जागा भरलेली आहे, असं धरून ती तीस वर्षं चालतेय.

त्यानंतर मी शिरूरहून दौंडच्या रस्त्याला दुपारी गाडी घेऊन गेलो तर दोन्ही बाजूंचा ऊस संपेपर्यंत आरशात बघायचो. पाठीमागं रस्ता मोकळा असायचा, आणि तो इतका मोकळा असण्याचंच मला काहीतरी वाटायचं. एकदा वैतागून आरसा आत वळवून ठेवला. न्हावऱ्याच्या पुढं एका टेम्पोनं मला जवळजवळ बांधावर बसवलं. टेम्पोवाला उतरून म्हणाला, "काका, मागं बगायला काय हुतंय?"

अबोला अंकुशनंच मोडला. फोन आला, "ये. शेवटचा भाग काढायला घेतलाय." पाचवा त्यानं माझ्याशिवाय, नुसत्या चित्रांचा, एकही फुगा न ठेवता छापून टाकला होता. मी दौंडला गेलो. दुकानाच्या वरच्या खोलीत तो राहायचा. लग्न केलं नव्हतं. इतका वाळला होता की मी दारातच थबकलो, आणि मी घाबरलो म्हणजे तोंडाला येईल ते बोलतो, म्हणून म्हणालो, "काय रे, डाएट का?" असा मी. त्यानं हसून डावा हात पुढं केला. मनगटाच्या वर कातडीखाली एक जाड दोरी फिरावी तशी शीर फुगली होती. "हात लावून बघ." मी लावला आणि झटक्यात काढला. आत काहीतरी गुरगुरत होतं. सारखं, न थांबता, बंद दारामागं जनावर असावं तसं. "डॉक्टरांनी शिरा जोडल्यात, डायलिसिससाठी. रगात जोरात पळतंय म्हनून आवाज. पर मला वाटतं त्ये उसातनं निघालं आन् हितं ऱ्हायला आलं."

"काहीतरी बोलू नको."

"बरं, न्हाई बोलत." मग कागदावरची मान वर न करता त्यानं विचारलं, "लता तुज्याकडं आलती म्हनं. काय म्हनली?"

इथं मला थांबावंसं वाटतं. आयुष्यात मी पुष्कळ चुका केल्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच सांगून लोकांना हसवलंय. ही तशी नाही. माझ्यासमोर एक माणूस होता, ज्यानं सहा भागांची चित्रकथा फक्त एवढ्यासाठी मांडली होती की बहिणीनं कधीतरी ती वाचावी आणि रिकाम्या जागेत काय होतं ते सांगावं. उत्तर माझ्या खिशात होतं. आणि मी शपथेला जागलो. "काय नाही," मी म्हणालो. "चित्रं चांगली आहेत म्हणाल्या."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "बरं," म्हणाला. निघताना, मी जिन्यात असताना, वरून आवाज आला, "इनस्पेक्टर, यंदा चिठ्ठ्या नीट बघ." तो मी ऐकलेला त्याचा शेवटचा आवाज.

दशक्रियेनंतर दुकानदारानं खोली मोकळी करून मागितली. माणूस वाईट नाही, त्यालाही नवा डिझायनर ठेवायचा होता. मी सुट्टी टाकली, लताताईही वरवंडहून आल्या. दुपारची वेळ, खाली फ्लेक्सचं मशीन घरघरत होतं. भिंतीला टेकून सहाव्या भागाची पानं ठेवली होती, सगळी पुरी. मी एकेक उचलून काचेच्या टेबलावर मांडत गेलो. खालून ट्यूब लावलेलं ते टेबल त्यानंच जुन्या दारापासून केलं होतं. पाचव्या-सहाव्या पानाला माझा हात थांबला. पहिल्या तीन भागांत ती कोरी जागा नेहमी तानीच्या समोर असायची, नाहीतर शेजारी. इथं प्रत्येक चित्रात ती मागं होती. कॉलेजच्या फाटकात मागं, एसटीत मागच्या सीटवर, मंडपात मागं, विहिरीवर मागं. एकेक पाऊल राखून, तानीच्याच उंचीची. माझी थाप त्यानं ऐकून घेतली होती, बरं म्हणाला होता, आणि खरं काय ते चित्रात काढून ठेवलं होतं. त्यानं माझ्या तोंडावरून ओळखलं की फुग्यावरून, ते आता विचारायला कोणी नाही.

शेवटच्या पानावर तोडलेलं रान होतं. ऊस नाही, आडोसा नाही. काळी ढेकळं, पाचट, आणि बांधावर पाठमोरी मोठी झालेली तानी. तिच्या पाठीशी ते. आणि वर एक फुगा, रिकामा, शेपूट न काढलेला. कोण बोलतंय तेही ठरवलेलं नव्हतं. मी पान उलटं केलं. यंदा चिठ्ठी होती. तिच्यावर संवाद नव्हता. नुसतं 'लता' लिहिलं होतं.

मी ती त्यांच्यापुढं ठेवली आणि, उशिरा का होईना, सगळं सांगितलं. त्यानं मला काय विचारलं होतं, मी काय उत्तर दिलं होतं. वाटलं रागावतील. त्या कितीतरी वेळ पानांवर वाकून होत्या, काचेखालचा उजेड खालून तोंडावर पडलेला.

"म्हंजी त्याला ठावं व्हतं," त्या म्हणाल्या.

"असणार."

"आन् मी त्याला ठावं नको म्हनून गप बसले." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "दोघं येड्यावानी."

"तिघं," मी म्हणालो.

"व्हय, तुमीबी." जरा हसल्या. "पेन कुठलं?"

मी माझं अक्षरलेखनाचं पेन दिलं. कसं धरायचं ते सांगायला लागलो तर म्हणाल्या, "भाऊ, मी सातवी शिकलीय." आधी त्यांनी फुग्याला शेपूट काढलं. ते तानीकडं नेलं. थोडं वाकडं गेलं, मी तसंच राहू दिलं. मग लिहिलं, शाळेतल्यासारखं, रेघेवर आहे असं समजून, एकेक अक्षर पुरं करत:

'आता तू म्होरं हो.'

शाई वाळेपर्यंत त्या पेन हातात धरून उभ्या होत्या. मग ते टोपण लावून टेबलावर ठेवलं, पिशवी उचलली, आणि माझ्याकडं न बघता दाराशी गेल्या. जिना अरुंद आहे, एका वेळी एकच माणूस मावतो. मी सवयीनं पुढं व्हायला लागलो, पण त्या थांबल्या नव्हत्या. सरळ खाली उतरत होत्या. त्यांची पाठ एकेक पायरी खाली जाताना मला दिसत होती. एकदाही वळल्या नाहीत.

मागं मी उरलो. खोलीत ती खुर्ची, तिच्या पाठीवर त्याचा रंगाचे डाग पडलेला शर्ट खांद्यांच्या आकारात तसाच अडकवलेला, आणि टेबलाखालची ट्यूब. ती विझवायची होती. बटण टेबलाच्या पलीकडं, म्हणजे ते दाबून दारापर्यंत यायला त्या खुर्चीला पाठ करावी लागणार. चाळिशी ओलांडलेला, मायक्रॉनचे हिशेब ठेवणारा, दोन मुलांचा बाप असलेला मी ती पाठ करू शकलो नाही. बटण दाबलं आणि खोलीकडं तोंड ठेवून, भिंतीला हात लावत, उलट्या पावलांनी जिना उतरलो. मधली एक पायरी चुकून ढोपर फोडून घेतलं. सगळा वेळ मी त्या दाराच्या अंधाऱ्या चौकटीत बघत होतो, कोणी येतंय का.

खाली उन्हात पोचलो. लताताई रस्त्यापर्यंत गेल्याही होत्या. मी पुन्हा एकदा वर बघितलं आणि तिथंच, मशीनच्या आवाजात, जरा जास्त वेळ थांबलो. कोणी आलं नाही.